गाळलेली पानं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही, देवालाही नाही. देव गप्प बसून ऐकतो, आणि गप्प बसून ऐकणाऱ्यांची मला धास्ती आहे.

आम्ही माळी. अमरावतीत एका वकिलांकडे पूजेच्या फुलांचा रतीब होता. परकरात होते तेव्हापासून पुडा घेऊन मीच जायची. वकिलीणकाकू शेवंती निरखायच्या, मग ओट्यावर खडूनं एक अक्षर काढून म्हणायच्या, "हे गिरव, मग जा." अशी मी वाचायला शिकले. घरी माय ओरडायची, "इतका येळ कावून लागते वं तुले? त्यायचे देव धुऊन राह्यली काय?"

मी हुशार होते. आणि हुशार आहोत हे फारच लवकर कळलेलं कार्टं होते.

पुढे काकूंचे डोळे गेले, मग अंथरूण धरलं. म्हणाल्या, जाण्याआधी पोथी पुरी ऐकायची आहे. वकीलसाहेब खटल्यांपायी सारखे नागपूरला. वऱ्हाडचा कारभार तेव्हा तिथूनच चाले. पण काकूंना ते नकोच होते. त्यांना मी हवी होते. काकूंच्या नणंदेनं कपाळावर हात मारला, "माळ्याची पोर पोथी वाचणार? लोक काय म्हणतील, वहिनी?"

"म्हणोत. हिला मी शिकवलंय. ही अक्षर गाळायची नाही."

ऐकलंत ना?

रोज दुपारी मी वाचायची. पोथी जुनी, सुट्या पानांची. काकूंना ती बरीचशी पाठ. माझ्या आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत. शेवटचा दिवस आला आणि — नेमक्या त्याच दुपारी आमच्या आळीतल्या गाड्या बहिरमच्या जत्रेला निघणार! शेवटचे अध्याय लांबलचक. रस्त्यावर बैलांच्या घुंगरमाळा वाजायला लागलेल्या. मी काय केलं असेल?

पानं गाळली. एखाददुसरं नाही — गठ्ठाच उचलून उपडा ठेवला आणि पुढचं वाचायला लागले. सूर तोच, भक्तिभाव दुप्पट. नाटकी मेली!

काकूंचे ओठ मात्र मागच्याच ओवीवर चालले होते. मी पुढे, त्या मागे. मग ते ओठ थांबले. मिटले. त्यांना कळलं, आणि त्यांना कळल्याचं मला कळलं. मागे जाता आलं नसतं का? गठ्ठा गुडघ्याशीच तर होता. मी वाचत राहिले. पोथी संपवली, आरती म्हटली. त्यांनी माझा हात चाचपला.

"जा. गाड्या निघतील."

मी पायासुद्धा पडले नाही. धावत सुटले.

परतले तेव्हा काकू नव्हत्या. तीच नणंद मला पोटाशी धरून रडली, "पुरी पोथी ऐकून गेली गं, तुझ्यामुळे!" तेव्हापासून हेच चाललंय. माझं सासर अकोल्याचं; काकूंचा नातूही वकिली करायला तिथंच आला. घरच्या प्रत्येक कार्याला मला बोलावतो, पाटावर बसवतो, चारचौघांत सांगतो — "आमच्या आजीचा शेवट हिनं गोड केला." मी मान डोलावते. घरी येते आणि भांडी आपटते. सुनांना वाटतं, म्हातारीला मान कमी पडला!

चिडते कुणावर? काकूंवर. खरंच सांगते. का नाही रागावल्या? "कार्टे, मागे जा," एवढं म्हणायला काय झालं होतं? — पण हे म्हणजे चोरानंच घरधन्याला विचारायचं, जागे होता तर ओरडला का नाहीत?

लहान नव्हते मी. लुगडं नेसत होते, लग्न ठरलं होतं. मागे जायला कुणी अडवलं नव्हतं, जत्रेला कुणी बोलावलंही नव्हतं.

आणि जत्रेत मला चुकल्यासारखं वाटलं का? मुळीच नाही. पाळण्यात पुन्हा पुन्हा बसले. हंडीतलं मटण, रोडगे — बोटं चाटून खाल्ले. काकू गेल्या त्या वेळी, हिशेब लावून पाहिला तर, मी मैत्रिणींना त्यांचीच नक्कल करून दाखवत होते. पोरी पोट धरून हसत होत्या. मीसुद्धा.