डासकाकांची दही-साखर

सुई टोचताना पेशंट डोळे मिटतात. आमचे डासकाका स्वतःचेच मिटायचे. दंडाला रबर बांधायचं, कोपरात बोट फिरवायचं, डोळे बंद, आणि सुई आत! नवा माणूस हे बघून अर्धमेला व्हायचा. "घाबरतं काऊन? नस दिसाची नसते, सापडाची असते," असं ते म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं. दुखायचं नाही, हे देवाशपथ सांगते.

पुलगावात बसस्टँडमागे, आमच्या घराशेजारीच त्यांची रक्त तपासायची लॅब होती. डासकाका हे नाव गावानं ठेवलेलं. त्यांना त्याचा राग नव्हता. "डास फुकट नेते बाप्पा, मी निदान रिपोर्ट तं देतो!"

मी पायलट होणार म्हटल्यावर घरच्यांना भीती वाटली विमानाची, काकांना माझ्या रक्ताची. शिक्षणाआधी नागपूरला वैद्यकीय तपासणी होती. हिमोग्लोबिन किंवा साखर बिघडली तर अनफिट, म्हणजे लहानपणापासूनचं स्वप्न तिथेच संपलं. बाबांना मधुमेह, त्यामुळे माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. काकांनी महिनाभर माझा छळ मांडला. गूळ-शेंगदाणे खा, पालक खा, आणि दर सोमवारी रक्ताची रंगीत तालीम. आदल्या दिवशी तर दम भरला, "रात्री आठनंतर फक्त पानी. एक दाना खाल्ला तं तंगडी तोडीन!"

सकाळी स्टेशनवर नागपूरच्या गाडीवर सोडायला काका लॅबचा पांढरा कोट घालूनच आले. खिशातून स्टीलची डबी काढली. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही आपली रीतच. त्यांनी ठेवली, मी चाटली, वाकून नमस्कार केला. गाडी हलली आणि काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अवं माय! थुक, थुक पोट्टे!"

"गिळली ना काका!"

काकांनी चालत्या गाडीत उडी घेतली. पायात रबरी चप्पल, हातात रिकामी डबी. टीसीनं कोट पाहून त्यांना डॉक्टर समजून नमस्कार केला आणि वर स्वतःचं गुडघ्याचं दुखणंही सांगितलं. काकांनी त्यालाही गूळ-शेंगदाणे सांगितले. मी मात्र सेवाग्राम येईपर्यंत रडत होते. आग लागो त्या दह्याला!

तपासणीच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. काका हात जोडून पुढे झाले. "म्याडम, चूक माही हाये. पोरीले अनफिट नका करू."

"किती चमचे दिलं?"

"एकच. पन साखर जराशी जास्त होती. काम मोठं होतं ना तिचं!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. डोळे, कान त्याच दिवशी तपासले आणि रक्तासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावलं.

मुक्काम काकांच्या मेहुणीकडे. सकाळी सहाला मावशींनी मायेनं पोहे केले. काका स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले. "इचं पोट सीलबंद हाये!" पाहुणी उपाशी जाते म्हणून मावशी रुसल्या, पण काका हलले नाहीत. स्वतःही काही खाल्लं नाही, ही त्यांची शिक्षा म्हणे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर ठीक, हिमोग्लोबिन उत्तम. फिट! काकांनी कागद दोनदा वाचला. "जिंदगीभर गावाचे रिपोर्ट वाचले व, पन दोनदा वाचला तो हाच," म्हणाले आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मग रस्त्यावरच्या गाडीवर आम्ही दोघांनी तर्री-पोहे असे हाणले की गाडीवाला बघत राहिला.

पुढे मी विमान चालवू लागले, पण काका कधी बसले नाहीत. "तुह्यं रक्त मी पाह्यलं, इंजिनाचं कोनं पाह्यलं?" दर तपासणीआधी मात्र मी हट्टानं पुलगावला जाऊन त्यांच्याकडेच पहिलं रक्त द्यायची.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. यंदा तपासणीआधी मी एका मोठ्या शहरातल्या चकचकीत लॅबमध्ये जाऊन बसले. तिथल्या मुलीनं दंडाला रबर बांधलं आणि सहज विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

माझे डोळे वाहायला लागले. ती बिचारी घाबरली. "मॅडम, सुईची भीती वाटते का?"

सुईची भीती काकांनी कधीच घालवली होती. तरी मी म्हटलं, "हो."