मंगळाची डबी आणि शब्बीरभाईंचं पॉलिश

आमच्या नागापूरच्या वर्कशॉपमधले किस्से म्हणजे लेथखालचा बुरा, रोज झाडा, रोज साठतो! सुरुवात माझ्याच येडेपणापासून करते, म्हणजे पुढं दुसऱ्यांना नावं ठेवायला मी मोकळी.

सत्त्याण्णव साल असेल. मी इन्स्पेक्शनला होते. पुण्याहून संशोधक गायकवाड सर ड्रॉइंग घेऊन आले. मंगळाभोवती फिरणाऱ्या एका परदेशी यानावर त्यांची डबी बसणार होती, तिथले विद्युतभारित कण मोजायला. डबीच्या तोंडाची नळी आम्ही करायची.

मी विचारलं, "सर, एवढीशी डबी! कणांनी भरली की तिकडं रिकामी कोण करणार?"

सर म्हणाले, "मीटर आहे, मॅडम. पिंप नाही."

*

तयार नळीला उघडा हात लावायचा नाही, घामाचा डाग पडतो, अशी सरांची ताकीद. आमचे टर्नर शब्बीरभाई हातमोजे घालून नळी धरून उभे. तेवढ्यात चहा आला.

"ताई, आता चहा बी तुमीच पाजा!"

पाजला! बशीनं. सरांसमोर.

*

नळी आतून काळी, खरबरीत करून आणली होती. तिरकं ऊन त्यात जिरावं म्हणून. नाहीतर ते आतल्या आत चमकत डबीतल्या कण टिपणाऱ्या डिटेक्टरपर्यंत जाणार आणि डबी त्यालाच कण समजून मोजणार.

पण आमच्याकडं पॉलिशशिवाय माल बाहेर जात नाही! शब्बीरभाईंनी काठीला फडकं गुंडाळून नळी आतून लख्ख केली.

"लई मळकट दिसत हुती, ताई."

आणि मी? चमक बघून खुशीत 'ओके' दिलं!

सरांनी नळीतून बघितलं. मग म्हणाले, "परत काळी करून आणा. पण टेस्टला नापास झाली, तर आमची डबी राहिली इथंच. यानावर तिच्या जागी तेवढ्याच वजनाचा ठोकळा जाईल."

शब्बीरभाई हळूच म्हणाले, "ठोकळा तरी आमालाच द्या, सर."

*

परत काळी केलेल्या नळीची टेस्ट आमच्याच ऑफिसात. नळीमागं डिटेक्टर, समोर हॅलोजन. नुसत्या उजेडानं आकडा हलला, की ठोकळा!

शून्य. शून्य. शब्बीरभाई डोळे मिटून पुटपुटत होते. शून्य. टक्! एक.

मी ओरडले, "उजेड शिरला, सर! थांबा, खिडकी तरी लावते!"

खिडकी लावली. सरांनी हॅलोजनही बंद केला. मिट्ट काळोख. बऱ्याच वेळानं परत, टक्!

"अंधारात पण? सर, आता कुठून शिरला?"

सरांनी लाइट लावला आणि 'नळी पास' म्हणत वायर गुंडाळायला घेतली.

"वरून. स्लॅबमधून. आकाशातला कण आहे, मॅडम. त्याला खिडकी लागत नाही."