ओरडू दे तिला

गाडीचा आवाज वाढला की माझे खांदे वर जायचे. अजून जातात. आमच्याकडे, परभणीकडच्या गावात, बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला की झालंच. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन नवी मुंबईत दिघ्याला आले आणि सीवूड्सच्या एका घरी पोळ्या करायला लागले. त्या घरच्या काकूंचे गुडघे गेले, त्यांना गाडी चालवता येईना, तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि सात सीटच्या गाडीची किल्ली दिली. क्लासला घातलं. लायसन मिळाल्यावरही रोज शेजारी बसल्या. सख्ख्या माणसांनी एवढं केलं नव्हतं.

पण गाडीही मी गावाकडे बोलायचे तशीच चालवायचे, आवाज होऊ न देता. इंजिन जरा गुरगुरलं की लगेच वरचा गिअर. मग गाडी थरथरायची, मागचे हॉर्न मारायचे. काकूंचा मुलगा, त्यांना मी दादा म्हणते, ते मागच्या सीटवरून विचारायचे, "पिकअपच नाही. आपण वरातीत आहोत का?"

एका रविवारी सगळे पनवेलजवळ करंजाड्याला दादांच्या बहिणीकडे निघालो, पोरांसकट. गाडी गच्च भरलेली. बसतानाच दादा म्हणाले, "आज बघू. नाहीतर पुढच्या महिन्यापासून ड्रायव्हर ठेवतो. आई, तू मधे पडू नकोस."

म्हणजे मी परत पोळ्यांना. पोळ्यांत काही कमीपणा नाही. पण स्टिअरिंग मला सोडायचं नव्हतं.

उरण फाट्याजवळ हायवेला लागायचं होतं. उजवीकडून ट्रेलर येत होता. सवयीने माझा हात वरच्या गिअरकडे गेला. काकूंनी त्यावर आपला हात ठेवला.

"रडवतेस तिला. खाली घे, दुसऱ्यावर. एसी बंद कर, तो जोर खातो. आता दाब."

"काकू, आवाज किती होईल..."

"ओरडू दे तिला. तिला कसली लाज?"

दाबलं. इंजिन असं ओरडलं की मागच्या पोरांनी कान झाकले. माझे खांदे कानाला लागले, पण पाय उचलला नाही. सीटने पाठ धरली. ट्रेलर आरशात मागे पडला. मग तिसरा टाकला, आणि त्यातही तिला पोटभर ओरडू दिल्यावरच चौथा.

"इंजिन फोडशील," दादा म्हणाले.

"नाही फुटत."

त्यांना उलटून बोलले ती पहिलीच वेळ.

जेवणं झाली. निघताना दादांनी हात पुढे केला. "आण किल्ली, जाताना मी घेतो."

एरवी दिली असती, वर सॉरी म्हणाले असते. किल्ली घामाने ओली झाली होती. मूठ उघडली नाही.

"राहू द्या दादा, तुम्ही मागे बसा," मी म्हणाले. "काच तेवढी खाली घ्या. हायवेला लागताना एसी बंद करणार आहे मी."