लाल टोकाचा रॉड

एकटा न्यूट्रॉन फार टिकत नाही. काही मिनिटांत तो तुटतो. तुटताना अगदी क्वचित प्रकाशाचा एक कणही बाहेर पडतो. तो कण मोजणं हे माझं पीएचडीचं काम. त्यासाठी न्यूट्रॉनचा झोत आम्हाला वर्षातून सहाच दिवस मिळतो.

डिटेक्टर धरून ठेवायला स्टीलची चौकट हवी होती. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे, म्हणून सुट्टीला घरी आले तेव्हा ड्रॉइंग त्यांच्या हातात दिलं. खाली मी इंग्रजीत एक ओळ लिहिली होती: थोरियम असलेला वेल्डिंग रॉड वापरू नये. थोरियम किरणोत्सर्गी असतं, आणि आमचा अंधुक प्रकाश त्याच्या गलक्यात बुडून जातो. आप्पा ड्रॉइंगवरचे आकडे वाचतात, ओळी वाचत नाहीत. हे मला ठाऊक होतं. तरी मी सांगितलं नाही, लिहिलं. मला तेवढंच जमतं.

आर्गन वेल्डिंगला बसताना त्यांनी खणातून कागदात गुंडाळलेला रॉड काढला. टोकाला लाल रंग होता. लाल म्हणजे थोरियम. ते ग्राइंडरवर त्याला टोक काढू लागले. कामगार भोवती उभे होते, कारण आप्पांनी सकाळपासून सगळ्यांना सांगितलं होतं की आज पोरीचं काम आहे.

"आप्पा, दुसरा रॉड न्हाय का?"

"हाय की. पण हा ठेवणीतला हाय. तुझ्या कामाला हलका लावू व्हय गं?"

"मालक, आता वेल्डिंग बी शिकून घ्या पोरीकडनं," एक कामगार म्हणाला. सगळे हसले, आप्पाही. मीही हसले आणि मागे सरकले. असं किती थोरियम चिकटणार, अशी मनाची समजूत घातली.

चौकट प्रयोगशाळेत पोचली तेव्हा तपासायला वेळ उरला नव्हता. ती बसवली आणि झोत सुरू व्हायच्या आधीच डिटेक्टर मोजू लागला. पडद्यावरच्या आलेखात थोरियमची रेघ उभी राहिली, पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. आम्ही जोड घासले, मध्ये शिशाचे पत्रे सरकवले. दुसरी चौकट नव्हती. सहा दिवस मी त्या रेघेकडे बघत बसले. आमचा प्रकाश असलाच तर तिच्या खाली कुठेतरी होता.

माझे मार्गदर्शक सर रागावले नाहीत. रॉड कुठला होता, एवढंच त्यांनी विचारलं. मी माहीत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी बाहेरून करून घेऊ, असं म्हणून ते निघून गेले.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला.

"घावला का गं तुझा उजेड?"

"न्हाय आप्पा. यंदा न्हाय."

मग त्यांनी विचारलं, "माझ्या कामात काय चुकलं व्हय?"

वर्कशॉप बंद होत असावं. मागे शटर ओढल्याचा आवाज आला. सांगायचं तर आत्ताच, हे मला कळत होतं. पण थोरियमला मराठीत काय म्हणायचं इथपासून माझी अडचण सुरू झाली, आणि खरी अडचण ती नव्हतीच.

"न्हाय आप्पा. तुमचं काम चांगलंच हुतं."

"मग पुढच्या खेपेला बी मीच करतो," ते म्हणाले. आवाजात एकदम जीव आला होता.

मी व्हय म्हणाले.