थंडीत बंद पडणारा फोन

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी धुळ्याहून सावद्याला, सासुरवाडीला गेलो. तिचा फोन तिथेच राहिला होता. त्यात एक व्हिडिओ होता, केळीच्या बागेत तिने काढलेला. ती त्यात दिसत नाही, नुसती बोलते. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता.

सासरे, म्हणजे आबा, बागेत होते. कडाका पडला की आमच्याकडे पहाटे बागेत ओला पाला पेटवतात. धुराची ऊब बागेवर राहते, केळी थंडीने काळी पडत नाही. आबांनी मला बघितलं आणि काही न विचारता खिशातून फोन काढून दिला. रोज ते तो बागेत आणत असत.

मी व्हिडिओ लावायला गेलो. बॅटरी निम्मी भरलेली दिसत होती. पडदा एकदम काळा झाला. बटण दाबून धरलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"थंडी लागली त्याले," आबा म्हणाले. त्यांनी फोन गोणपाटात गुंडाळला, घड गुंडाळतात तसा, आणि जाळाकडे सरकवला.

"आबा, नको! आगीने बॅटरी फुगेल."

"मंग काय करू?"

"अंगाची ऊब पुरे. थंडीत बॅटरी गारठते, संपत नाही." हे मी पुस्तकातलं बोलत होतो. माझा स्वतःचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

आबांनी फोन बंडीच्या आत छातीशी धरला आणि माझ्याशेजारी बसले. "तिचाच फोन तो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तीबी थंडीत कुठं उठे? चहा हातात दिला की मंग डोये उघडे."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

ऊन केळीच्या पानांवर आलं तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तो कोमट होता. चालू झाला. व्हिडिओत धुरामागे आबा वाकलेले, आणि ती म्हणत होती, "आबा, इकडे पाहा ना. तोंड दिसू द्या."

माझ्याशेजारी बसलेल्या आबांनी खरंच मान वर केली.

दुपारी व्हिडिओ माझ्या फोनवर उतरवून घेतला. तिचा फोन आबांकडेच ठेवला.

आता धुळ्यात गारठ्याच्या सकाळी मी माझा फोन स्वेटरच्या आत घेऊन बसतो. खोली उबदार आहे, तो कधी बंद पडत नाही. तरी ऊन येईपर्यंत मी व्हिडिओ लावत नाही.