झाडांना स्थळं बघणाऱ्या अक्का

अक्का कुणाकडे आल्या की पायातली चप्पल काढायच्या आधी दारातल्या कुंडीत बोट खुपसायच्या. माणसांची चौकशी नंतर. माती ओली लागली की बोट झटकत त्या घरच्या बाईला विचारायच्या, "काय वं पोरी, झाडले बुडाईसन मारशी का?" आणि मग त्याच बाईच्या हातचा चहा मागून घ्यायच्या. कुणाला राग यायचा नाही असं मी म्हणणार नाही. मला तर चांगलाच यायचा.

मी लग्न होऊन नाशिकहून जळगावला आले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणून बसले, "जळगावात कसला आलाय हिवाळा!" शेजारच्या गच्चीवरून अक्कांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मला हाताला धरून गच्चीवर नेलं. दात वाजत होते माझे! शेवंती, डेलिया, पिटुनिया, सगळ्या कुंड्या उन्हाची वाट बघत ओळीने उभ्या. अक्का म्हणाल्या, "आठ महिने ऊन आपल्याला भाजतं. फुलांचं वर्ष इथे दिवाळीला सुरू होतं आणि होळीला संपतं. तेवढ्यात काय हौस करायची ती करून घे." बाहेरच्यांशी त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. माणूस आपलं वाटलं, किंवा त्याच्यावर चिडल्या, की अहिराणी सुरू. माझ्याशी महिन्याभरातच अहिराणी सुरू झाली. कोणत्या कारणाने, ते मी विचारलं नाही.

अक्कांचं माहेर पाचोऱ्याकडचं. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, वरणगावच्या फॅक्टरीत होते. तिथल्या क्वार्टरच्या एवढ्याशा ओसरीत अक्कांनी बागेचा नाद लावून घेतला. नाना रिटायर झाल्यावर इथे घर बांधलं, तेव्हा सामानाचा टेम्पो एक आणि कुंड्यांचे दोन आले म्हणे. नाना हे सांगताना कपाळावर हात मारायचे आणि कुंड्या मात्र स्वतः उचलायचे.

घरातल्या झाडांबाबत अक्कांचं एकच म्हणणं: "हिवाळामा झाडले पानी कमी, लाड त्यानाबी कमी." थंडीत झाड झोपेला आलेलं असतं, त्याला उठवून जेवायला घालू नये. खत बंद. पाणी द्यायचं ते सकाळीच, आणि तेही बादली उन्हात ठेवून कोमट झालेलं. "तुला आंघोळीला बंब लागतो, आणि त्याच्या डोक्यावर टाकीचं गार पाणी?" पानांवरची धूळ मात्र ओल्या फडक्याने पुसायच्या, शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसावं तशी, जरा खसाखसा. त्यांचं क्रोटन असं चमकायचं की पाहुणे ते प्लास्टिकचं समजून चिमटा काढून बघायचे. त्या पाहुण्यांना पुन्हा चहा नसायचा.

समोरच्या घरात भाऊ राहायचे. रावेरकडे त्यांची केळीची बाग, पोरांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड इथे. आमच्या जळगावचा माणूस पाणी म्हटलं की ठिबक म्हणतो. भाऊंनी दिवाणखान्यातल्या कुंड्यांना ठिबक बसवलं! नळी, ड्रीपर, सगळं रीतसर. ऐन थंडीत थेंब थेंब पाणी चालूच, आणि सगळ्या झाडांची मुळं सडली. पानं पिवळी पडली तशी भाऊंना वाटलं, थंडीचा चटका बसला. केळीला करतात तसा त्यांनी पहाटे पोर्चमध्ये काडीकचरा पेटवून धूर केला. अख्खी गल्ली खोकत बाहेर आली. अक्कांनी नाकाला पदर लावून कुंडी उपडी केली, काळी पडलेली मुळं भाऊंच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, ही केळी नव्हे. हिला बाजारात न्यायची नाहीये." भाऊ पंधरवडाभर त्यांची नजर चुकवून फिरत होते.

नाना गेले आणि पुण्याच्या मुलाने धोशा लावला, आता एकटं राहायचं नाही. अक्कांचे गुडघेही बोलायला लागले होते. जिना चढताना त्या पायरीला शिव्या द्यायच्या. शेवटी हो म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "दोन कुंड्या आण, तेवढी जागा आहे." अक्का म्हणाल्या, "दोन आणायच्या तर बाकीच्यांनी काय पाप केलं? एकही नको." पण जायच्या आधी बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, झाडांची लग्नं लावीन, तोवर गाडी आणू नको, असं बजावलं.

आणि खरोखर त्यांनी स्थळं बघितली. घरोघर जाऊन खिडकी कुठल्या बाजूला, ऊन किती वेळ, घरातली बाई विसराळू की हौशी, सगळं विचारलं. कोपऱ्यावरचे वकीलसाहेब सदा गावाला, म्हणून त्यांना स्नेक प्लँट. विसरलं तरी तक्रार करणार नाही. एका घराला नकार दिला, कारण तिथे कुंडीत चहाचा चोथा नि सिगारेटची थोटकं दिसली. "हाई घर पटनं नही," झालं. भाऊंना काय देणार याकडे गल्लीचं लक्ष. त्यांना छत्री पाम दिला, जो पाण्यात उभा ठेवला तरी खूश असतो. "आता लाव तुझं ठिबक," म्हणाल्या. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं हो, मी बघितलंय.

मला हवी होती पिवळी शेवंती. पाचोऱ्याहून माहेरच्या परसातलं रोप आणून अक्कांनी ती वर्षानुवर्षं फुटवे काढून जगवली होती. इतके हिवाळे मी त्यांच्या हाताखाली राबले, तिचे फुटवे मी काढले, उन्हाळ्यात सावली मी धरली. मला खात्रीच होती. आणि ती शेवंती अक्कांनी मागच्या गल्लीत भाड्याने राहायला आलेल्या नव्या नवरीला दिली. काल आलेली पोर! मला काहीच नाही. एक मनीप्लँटची वेलसुद्धा नाही. मी रात्री जेवले नाही. माझ्यात काय खोट दिसली यांना, हेच डोक्यात.

जायच्या सकाळी गाडी निघाली ती रिक्षासारखी प्रत्येक फाटकाशी थांबत. अक्का काच खाली करून ओरडायच्या, "उन्हातून काढा ते! पान करपलंय!" मुलगा घड्याळ बघत होता. आमच्या दारावरून मात्र गाडी सरळ पुढे गेली. थांबेल कशाला? झाडच नव्हतं. मी उंबऱ्यात उभी.

वळणाशी गाडी थांबली. अक्कांनी हात बाहेर काढून मला बोलावलं. मी धावत गेले नाही, चालतच गेले. रुसवा होता ना!

"राग उना का वं?" अक्का म्हणाल्या. "तुले एक झाड दिधं तं तू त्यानापाशीच बठी ऱ्हाशी. मंग बाकीनास्ना घर कोन जाई? बठ्ठा झाडे तुनावर सोडीसन जास मी."

माझ्या गालावर त्यांनी चापट मारली, चांगली जोरात. काच वर गेली. त्यानंतर अक्का जळगावला आल्या नाहीत.

मी पदराने डोळे पुसले आणि घरी न जाता थेट वकीलसाहेबांचं फाटक उघडलं. वकीलसाहेब ब्रश तोंडात धरून बघतच राहिले. मी त्यांना म्हणाले, "आज पाणी घातलंत ना? आता आठ दिवस हात लावायचा नाही. मी येईन बघायला."