गाठ मारलेला बावटा

ते घुबड आमच्या घरात आलं व्हिडिओ कॉलवरून. माझी धाकटी बहीण लग्न होऊन कॅनडाला गेली, त्याला तेव्हा पाचेक महिने झाले असतील. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तिचा फोन यायचा. तिच्याकडे सकाळ असायची. वसईजवळ राजोडीला आमच्या पडवीत मी आणि बाबा बाकावर शेजारी शेजारी बसायचो आणि फोन समोर तांब्याला टेकवून ठेवायचो. आई जाऊन चार वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच.

तर तिच्या मागे भिंतीवर एक मोठा झेंडा. निळ्या कापडावर पांढऱ्या घुबडाचं नुसतं तोंड, डोळे पिवळेजर्द. मी म्हटलं, हे काय ध्यान लावलंय घरात? जावई बाजूने कॅमेऱ्यात डोकावले. म्हणाले, "ताई, हा आमच्या शहराच्या फुटबॉल टीमचा लोगो. इथे घराघरावर दिसेल तुम्हाला." फुटबॉल म्हणे, आणि बॉल हातात घेऊन पळतात. आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांच्या लेखी घुबड ते घुबड, मग ते कॅनडाचं का असेना.

हे स्थळ मी आणलं होतं, हे आधीच सांगते. जावई मुंबईचे, नोकरदार घरातले, बोलणं अगदी स्वच्छ. आम्ही मच्छीमार माणसं, आमच्या घरात 'पानी' म्हणतात. बोलणी करायला आले तेव्हाच ते हसून बहिणीला म्हणाले होते, "पाणी म्हणायचं, पाणी." ती तेव्हापासून पाणी म्हणायला लागली आणि मला मेलीला त्याचं कौतुक वाटलं. मी शाळेत मराठी शिकवते. मुलांचे न आणि ण सुधारण्यात माझी निम्मी हयात गेली.

पुढे पुढे घुबडं वाढायला लागली. आधी चहाचा मग, मग सोफ्यावरची चादर, मग भिंतीवरचं घड्याळ. एका रविवारी तिच्या अंगात त्याच टीमचं जाकीट होतं, पुढच्या रविवारी डोक्याला टोपी, भुवयांपर्यंत ओढलेली. टोपीवर घुबड आणि खाली तिचे डोळे. चार डोळे माझ्याकडे बघतायत असं वाटायचं, आणि त्यातले टोपीवरचे दोनच जिवंत. घरात टोपी कशाला गं, म्हटलं. म्हणाली, थंडी आहे. "आम्ही मजेत आहोत, तुम्ही कसे आहात?" हे वाक्य ती दर वेळी त्याच पट्टीत म्हणायची. शाळेत पाठ करून आलेली मुलं म्हणतात तसं. पडद्याच्या कडेला जावयांचा हात दिसायचा, फोन धरलेला. तो हात कधी हलायचा नाही.

मला बरं वाटत नव्हतं, पण मी स्वतःलाच दटावलं. परका देश आहे, नवा संसार आहे, बोलायला सुचत नसेल.

डिसेंबरात तिकडे बर्फ पडला. तिच्या मागे खिडकी होती आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात एक काठी उभी आणि काठीवर तो घुबडाचा झेंडा. बाबांनी फोन उचलून डोळ्यांजवळ नेला.

"तिथं कोनाचं जाळं हाय?"

मी हसत सुटले. समुद्रात जाळं टाकलं की त्याच्या टोकाला काठीवर बावटा लावतात, ज्याचा त्याचा वेगळा, म्हणजे लांबून कळतं की खाली कोणाचं जाळं आहे. बाबांना बर्फाचं पाणी दिसलं आणि झेंड्याचा बावटा. पण मला हसू आलं तसं तिला आलं नाही. तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिली. तो हात तेवढा पडद्याच्या कडेला जागच्या जागी. मग फोन बंद झाला.

जानेवारीत झेंडा वेगळा दिसायला लागला. उघडा फडकायच्या ऐवजी मधोमध आवळलेला, पिळा घातलेल्या फडक्यासारखा लोंबत होता. घुबडाचा एक डोळा घडीत गेलेला, दुसरा तेवढा बाहेर. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "बाय, गाठ हाय ती."

"वाऱ्याने गुंडाळला असेल, बाबा."

"वाऱ्यानं गाठ पडत नाय. मागच्या घराचा धूर बघितलास? सरळ वर जात व्हता. वारा कुठं हाय?"

बाबांच्या नजरेला किनाऱ्यावर मान आहे. वयाच्या सत्तरीत कळंबच्या बाजूला उभी होडी कोणाची ते इथून सांगतात, आणि स्वतःच्या नजरेवर त्यांचा भारी तोरा. तेच मला म्हणाले की होडीत पाणी भरायला लागलं, इंजिन मेलं, की बावट्याला मधोमध गाठ मारून काठीवर चढवायचा. गाठीचा बावटा दिसला की बघणारा आपलं जाळं तसंच सोडून जातो. फोन नव्हते तेव्हाची रीत. आम्ही दोघी बहिणी लहानपणी पडवीत खाटेची होडी करून हाच खेळ खेळायचो, याचीही त्यांनीच आठवण करून दिली.

मी काय केलं? मी चिडले. म्हटलं, बाबा, तुम्हाला सगळीकडे समुद्र दिसतो, तिथली रीत वेगळी, उगाच तिच्या संसारात खोड्या काढू नका. खरं सांगायचं तर मला बाबांचा राग आला नव्हता. गाठ खरी निघाली तर स्थळ मी आणलं होतं, याची मला भीती वाटत होती.

पुढच्या रविवारी झेंडा सुटा होता. मी बाबांकडे विजयाने पाहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गाठ. मग सुटा. मग गाठ. जावई एकदा आपणहून म्हणाले, "इथे वारा फार, फ्लॅग सारखा गुंडाळतो, मी सोडवत बसतो." त्यांच्या आवाजात हसू होतं. बहीण हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, पापणीसुद्धा न लववता, आणि तिच्यामागे काचेबाहेर तो एक पिवळा डोळा. तरीही मी तिला विचारलं काय, तर जेवायला काय केलंस. सहा आठवडे मी कॅनडाकडे कानाडोळा केला. हा विनोद मी तेव्हा शाळेत स्टाफरूममध्ये करायचे, आता करत नाही.

सातव्या रविवारी बाबांनी मला न विचारता फोन हातात घेतला. जाळ्याबिळ्याचं काही बोलले नाहीत. नेहमीच्या आवाजात, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "होडीत पानी आलंय काय गं?"

घुबडाच्या घड्याळाची टिकटिक मला इथे ऐकू येत होती.

"आलंय, बाबा," ती म्हणाली. "पानी उपसते मी. पन आता हात भरून आले."

पानी म्हणाली. पन म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा ती आमच्या घरचं बोलली. पडद्याच्या कडेचा हात हलला. जावयांनी विचारलं, "कुठली होडी?" बाबा म्हणाले, "माझी जुनी. गळते. हिला ठाऊक हाय." आणि त्यांनी शांतपणे फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले.

उमेळ्याची माझी एक वर्गमैत्रीण तिकडेच नर्स आहे, बहिणीच्या गावापासून तासाभरावर. तिला मी त्याच संध्याकाळी फोन केला. ती बाई खमकी. वसईहून सुकट आलीय, असं सांगायचं ठरवून मंगळवारी दारात गेली, पण एकटी गेली नाही, तिकडच्या पोलिसांना घेऊन गेली. बहिणीचा पासपोर्ट जावयांच्या कपाटात होता. फोन तिला फक्त रविवारी मिळायचा. एकटीने बाहेर जायचं ते अंगणातल्या त्या काठीपर्यंत, बर्फ झाडायला. टोपीखाली काय होतं ते मैत्रिणीने मला सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही.

कागदपत्रं होऊन ती घरी यायला मे उजाडला. पहिले दोन दिवस नुसती झोपून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत आली, बाबा जाळं विणत होते त्यांच्याजवळ खाली बसली. मी चहा आणला.

तिने विचारलं, "ताई, गाठ तुम्हाला कधी दिसली?"

माझ्या हातात कप तसाच. ती पुढे म्हणाली, "पहिली मारली तेव्हा वाटलं, आता येतील कोनीतरी. त्याने सोडली, मी परत मारली. प्रत्येक रविवारी मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. वाटायचं, हिला कळलंय, ही मुद्दाम दाखवत नाहीये. मग वाटायला लागलं, दिसतच नाहीये."

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आधी बाबा बोलले. हातातली सुई थांबवली नाही, वरही पाहिलं नाही.

"मलाच दिसली नाय गं लवकर," ते म्हणाले. "डोळे गेले आता माझे."

तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, असू दे, बाबा. मी चहाचा कप तिच्यासमोर ठेवला आणि आत निघून गेले.